घरच्या वर्कशॉपमधली बारीक धूळ: कोकणातून नेहमी येणारे प्रश्न

मागच्या पडवीत लेथ, रिकाम्या गोठ्यात टेबल सॉ, मांगरात करवंटीचं काम. कोकणात घर आणि कारखाना यांच्यामध्ये बहुतेक वेळा एक दारच असतं, आणि तेही दिवसभर उघडं. मशिनवर बोट जाईल याची धास्ती सगळ्यांना असते. धुळीचं मात्र "झाडली की गेली" एवढ्यावर भागवलं जातं. म्हणून हे प्रश्न एकत्र केले आहेत. लाकूड, प्लाय-एमडीएफ, करवंटी आणि शाडू, एवढ्याच कामांपुरते.

मी रोज संध्याकाळी भुसा झाडतो. मग धूळ राहते कुठली?

झाडून गोळा होतो तो भुसा जड असतो. रंध्याचे छिलके, करवतीचा कूट, हे सगळं पायाशी पडतं आणि तिथंच राहतं. फुफ्फुसाला त्रास देते ती पॉलिश पेपरची, सँडरची (घासायचं मशिन), राऊटरची (खाचा-कडा कोरायचं मशिन) पूड. आपला केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). 10 मायक्रॉनच्या खालचे सगळेच कण नाकात अडत नाहीत, आणि 4-5 मायक्रॉनच्या खालचा थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचू शकतो.

हे कण लवकर खाली बसत नाहीत. वारा अगदी पडलेला असला तरी 10 मायक्रॉनचा कण डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला आठ-दहा मिनिटं घेतो, 5 मायक्रॉनचा अर्ध्या तासाहून जास्त. एक मायक्रॉनचा कण तासाभरात जेमतेम दहा-बारा सेंटिमीटर उतरतो. म्हणजे आज दुपारी घासलेली पूड उद्या सकाळी दार उघडताना हवेतच असू शकते.

खात्री करायची असेल तर छपरातल्या काचेच्या कौलातून कवडसा उतरतो तेव्हा मशिन बंद करून त्याच्याकडे निरखून बघा. त्यातले ठिपके खाली येत नाहीत. आडवे फिरतात, हात हलवला की वळून वर जातात. रात्री दिवे घालवून बॅटरीचा झोत आडवा टाकला तरी तेच दिसतं. आणि काम संपल्यावर मास्क काढून बहुतेक जण याच हवेत चहा घेत बसतात.

लाकूडच तर आहे. त्यात केमिकल थोडंच असतं?

लाकूड नैसर्गिक आहे म्हणून त्याची पूड निरुपद्रवी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आयएआरसी हिने 1995 साली लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या यादीत. तो प्रामुख्याने नाकाच्या आणि नाकामागच्या पोकळ्यांचा, आणि वर्षानुवर्षं फर्निचरचं काम करणाऱ्यांत दिसलेला. रविवारी देव्हारा बनवणाऱ्याने त्यासाठी झोप उडवून घेऊ नये. पण दमा, सतत वाहणारं नाक, डोळ्यांची आग, हातावर उठणारी खाज या गोष्टींना इतकी वर्षं लागत नाहीत. साग आणि शिसव खाजेच्या बाबतीत बदनामच आहेत. एकदा अंगाला लागले की पुढे थोड्याशा धुळीनेही त्रास होतो.

मर्यादा किती, असंही विचारतात. युरोपात कठीण लाकडाच्या धुळीची आठ तासांची सरासरी मर्यादा 2023 पासून एका घनमीटरला 2 मिलिग्रॅम आहे. अमेरिकेची नायॉश ही संस्था 1 मिलिग्रॅमची शिफारस करते. दहा बाय बारा फुटांची, नऊ फूट उंच खोली धरली तर तिच्यात सुमारे 30 घनमीटर हवा मावते. म्हणजे सगळी मिळून 30 मिलिग्रॅम पूड तरंगत असली की 1 मिलिग्रॅमची मर्यादा गाठली. चिमूटभर मिठाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी पूड. सँडर एक-दोन मिनिटांत एवढी सहज उडवतो.

कुठल्या मालाची धूळ जास्त वाईट?

माझ्या मते आपल्याकडे सगळ्यांत कमी लेखलेली धूळ करवंटीची. कवच कठीण असल्यामुळे ते कापलं जाण्यापेक्षा झिजतं, आणि झिजून येणारी पूड फार बारीक असते. बोटांच्या रेषांत तपकिरी होऊन बसते, साबणाने पहिल्या धुण्यात निघत नाही. वाट्या, पळ्या, कानातले बनवणारे बरेच जण हे काम ओटीवर मांडी घालून, तोंडापासून वीतभर अंतरावर करतात. करवंटी शक्यतो पाणी लावून, वॉटर पेपरने हातानेच घासावी. चकाकीही चांगली येते. मात्र पाण्याचं काम आणि विजेचं हत्यार एकत्र आणू नका.

एमडीएफ दुसरा. त्याचा धागा आधीच कुटलेला असतो आणि तो बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या राळेने चिकटवलेला असतो. फणस, आंबा, ऐन, किंजळ यांची धूळ त्या मानाने भरड, पण सँडरखाली तीही बारीक होतेच. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला पांगारा मऊ आणि हलका. लेथवर पटाशी धारदार असेल तर त्याचे छिलके निघतात, पूड नव्हे. धार हा धुळीवरचा पहिला उपाय आहे आणि त्याला वीज लागत नाही.

पैसे कमी आहेत. सुरुवात कशापासून करू?

मास्क आजच आणा. त्यानंतर कामाची पद्धत बदला: जिथे रंध्याने किंवा स्क्रेपरने भागतं तिथे सँडर काढू नका. जुने सुतार काचेच्या तुकड्याने खरवडून फिनिश काढायचे. त्यात धूळ जवळपास नसायची. मग सँडरला जोडायला व्हॅक्यूम, मग एक्झॉस्ट फॅन. मोठा डस्ट कलेक्टर (पाइपाने भुसा ओढून पिशवीत गोळा करणारं यंत्र) शेवटी, तोही टेबल सॉ किंवा प्लेनर रोज चालत असेल तरच.

बरेच जण उलट क्रमाने जातात, कारण कलेक्टर घेतला की काम झाल्यासारखं वाटतं. धूळ जिथे उठते तिथेच पकडायची, हे पहिलं. सुटली ती घराबाहेर काढायची, हे दुसरं. उरली तिच्यासाठी मास्क. मास्क आधी विकत घ्या, पण भरवसा त्याच्यावर सर्वांत शेवटी टाका.

एक्झॉस्ट फॅन कुठल्या भिंतीला लावू?

किनारपट्टीवर याचं उत्तर वारा देतो. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे येतात. सकाळी उशिरा सुरू होतात आणि दुपारी जोर धरतात. पावसाळ्यातला मोसमी वाराही नैर्ऋत्य-पश्चिमेकडचाच. त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीत लावलेला फॅन दुपारभर वाऱ्याशी झुंजत बसतो, आणि जोराचा झोत आला की बाहेर टाकलेली धूळ परत आत येते. फॅन पूर्वेच्या भिंतीत, हवा आत यायची वाट पश्चिमेला. मग वारा तुमच्या बाजूने काम करतो.

अपवाद थंडीतल्या पहाटेचा. तेव्हा मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. पहाटे लवकर काम करायची सवय असेल तर त्या दिवसांत सँडिंगचं काम दहानंतर ठेवा. डोंगर, दाट बाग किंवा खाडीचं वळण असेल तर वारा वेगळा फिरतो. अगरबत्ती पेटवून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी धूर कुठे जातो ते पाहिलं की कळतं.

आत येणारी वाट फॅनच्या तोंडाएवढी तरी हवी. दारं-खिडक्या बंद ठेवून नुसता फॅन लावला की तो गरगरतो, हवा हलत नाही. बारा इंची फॅन कंपनीच्या कागदावर तासाला हजार घनमीटरच्या आसपास हवा ओढतो. जाळी, धूळ आणि कमी व्होल्टेज धरून त्याच्या निम्मंच गृहीत धरा. तेवढंही 30 घनमीटरच्या खोलीला भरपूर आहे. काम संपल्यावर फॅन अर्धा तास चालू राहू द्या, आणि त्या अर्ध्या तासात तुम्ही बाहेर थांबा.

फॅनच्या तोंडासमोर काय आहे हेही बघा. विहीर, शेजाऱ्यांची खिडकी, आणि एप्रिल-मे महिन्यात खळ्यात वाळत घातलेली सोलं, पापड, सांडगे. आपल्या खोलीतली धूळ दुसऱ्याच्या ताटात जाता कामा नये. खाऱ्या हवेत फॅनची पाती आणि स्क्रू लवकर गंजतात. पावसाआधी एकदा उतरवून पुसून घ्या.

घरचा व्हॅक्यूम क्लीनर चालेल का?

सँडर, जिगसॉ, छोटा राऊटर यांच्यासाठी चालेल. या हत्यारांना हवा थोडी पण ओढ जोरदार लागते, आणि व्हॅक्यूम तेच देतो. अडचण फिल्टरची. ओलं-सुकं दोन्ही ओढणाऱ्या यंत्रासोबत येणारं स्पंजाचं वेष्टण पाण्यासाठी असतं. बारीक धूळ त्यातून आरपार जाते आणि मागच्या तोंडातून खोलीभर पसरते. सुक्या कामाला घड्यांचा कार्ट्रिज फिल्टर आणि आत कागदी किंवा न विणलेल्या कापडाची पिशवी लावा. हेपा दर्जाचा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. तो मिळत असेल तर पैसे तिथे घाला, जास्त वॉटच्या मोटरवर नव्हे. व्हॅक्यूम चालू असताना मागच्या तोंडावर अंधारात बॅटरी मारा. झोतात ठिपके दिसले तर फिल्टर गळतोय.

फिल्टर लवकर भरू नये म्हणून मध्ये सायक्लोन बसवता येतो. रंगाच्या 20 लिटरच्या जाड बादलीवर प्लॅस्टिकचा शंकू लावायचा. हवा गोल फिरते, जड कण बादलीत पडतात, थोडेच पुढे जातात. बादली पातळ असेल तर नळी तुंबताच ओढीने आत चेपते. झाकण घट्ट हवं, कारण तिथून हवा शिरली की सगळा भुसा पुढे निघून जातो.

टेबल सॉला कलेक्टर घ्यायचाय. पाइप कुठला टाकू?

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा 110 मिलिमीटरचा सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप चालतो. लाकडाचा भुसा पाइपात न साचता वाहायला हवेचा वेग सेकंदाला 20 मीटरच्या आसपास लागतो. 110 च्या पाइपात त्यासाठी तासाला सुमारे 680 घनमीटर हवा ओढावी लागते. कलेक्टर निवडताना एवढी हवा तो पाइप जोडल्यावर ओढतो का, हे विचारा. उघड्या तोंडाचा आकडा नेहमी मोठा असतो. काटकोनी एल्बो एक लावण्यापेक्षा 45 अंशांचे दोन लावा. वळ्यांची लवचिक नळी हवा खूप अडवते, ती शेवटच्या हातभरापुरतीच ठेवा.

कलेक्टरची कापडी पिशवी नीट बघा. स्वस्त पिशव्या मोठा भुसा अडवतात आणि बारीक धूळ वरच्या बाजूने चाळून हवेत सोडतात. जमलं तर कलेक्टर बाहेर, छपरीखाली ठेवा.

विजेचं गणित आधी करा. 16 अँपिअरच्या प्लगवर 230 व्होल्टला सुमारे 3,600 वॉट मिळतात. सॉ आणि कलेक्टर दोन्ही त्यावर एकदम सुरू केले की सुरुवातीच्या झटक्याने एमसीबी पडतो. दोन वेगळ्या वायरी ओढून घ्या.

पावसात दारं उघडी ठेवता येत नाहीत. तेव्हा काय?

वर्षातले हे चार महिने धुळीच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट. झडीमुळे पश्चिमेच्या खिडक्या बंद, त्यामुळे हवा कोंडलेली. पश्चिमेला उघडं ठेवायचंच असेल तर लांब पागोळी किंवा तिरक्या फळ्यांची झडप लावा. पाणी येत नाही, हवा येते. तेही शक्य नसेल तर आतलीच हवा गाळणारी पेटी करा: घड्यांचे चार फिल्टर चौकोनात उभे करायचे, वर फॅन आडवा ठेवून सांधे चिकटपट्टीने बंद करायचे. फॅनने हवा फिल्टरमधून ओढून वर सोडली पाहिजे. 2020 साली अमेरिकेत कॉर्सी आणि रोझेन्थाल यांच्या नावाने ही पेटी प्रसिद्ध झाली. बनवायला तासभर लागतो.

दुसरी गोष्ट बुरशीची. दमट हवेत कापडी पिशवीतला भुसा ओल धरतो, आठवडाभरात आंबूस वास येतो, आणि पुढे कलेक्टर सुरू केला की बुरशीचे कण खोलीत. दर शनिवारी पिशवी रिकामी करा. यंत्र काही आठवडे बंद राहणार असेल तर फिल्टर काढून झटकून चुलीजवळच्या उबेत वाळवा, पण आगीपासून लांब. बुरशी चढलेली फळी कोरडी घासू नका. आधी ओल्या फडक्याने पुसा, उन्हात वाळवा.

आमची गणपतीची शाळा आहे. शाडूचं काम ओलंच असतं, धूळ कसली?

माती मळताना नसते. सुकी शाडू पोत्यातून ओतताना, चाळताना आणि सुकलेली मूर्ती पॉलिश पेपरने घासताना असते. मातीच्या धुळीत बारीक सिलिका असू शकते, आणि श्वासातून जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाचा फुफ्फुसावर होणारा परिणाम भरून निघत नाही. त्यात हे काम आषाढ-श्रावणातलं. मूर्ती सुकाव्यात म्हणून खोली बंद, आत बल्ब लावलेले, आणि रंगकामाला मुलं मदतीला.

पोतं उंचावरून ओतू नका. चाळण जमिनीला टेकवून चाळा आणि त्या वेळी मुलांना बाहेर पाठवा. कोरडं घासण्याऐवजी मूर्ती थोडी ओलसर असतानाच ओल्या ब्रशने आणि स्पंजाने गुळगुळीत करा. जाणकार मूर्तिकार हे करतातच. शेवटचे खडबडे तेवढे पॉलिश पेपरने, पडवीत, मास्क लावून. जमिनीवर सांडलेली माती केरसुणीने नव्हे, ओल्या फडक्याने काढा.

मास्क कुठला? कापडाचा रुमाल पुरेसा नाही का?

नाही. रुमाल छिलके अडवतो, बारीक पूड नाही. सर्जिकल मास्कच्या कडेने हवा जाते. एन95 किंवा भारतीय मानक आयएस 9473 प्रमाणे एफएफपी2 छापलेला मास्क घ्या. नाकाची पट्टी दाबून बसवा, मग जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा आली किंवा चष्म्यावर वाफ धरली तर मास्क बसलेला नाही. दाढी असेल तर कुठलाच घट्ट मास्क नीट बसत नाही, ही अडचण खरी आहे. आपल्याकडच्या उकाड्यात घामाने मास्क भिजला की श्वास जड होतो. तेव्हा बदला. रोज तास-दोन तास सँडिंग असेल तर बदलत्या फिल्टरचा रबरी हाफ मास्क दीर्घकाळात स्वस्त आणि सुखाचा पडतो.

गूळ खाल्ला की धूळ निघून जाते ना?

हा समज घरोघरी आहे आणि सांगणाऱ्याच्या मनात माया असते. पण गूळ पोटात जातो, धूळ फुफ्फुसात. वरच्या श्वासनलिकेतली धूळ कफाबरोबर आपोआप बाहेर येते. तळात बसलेल्या कणांपर्यंत गूळ पोचत नाही. खायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर मास्क काढू नका. कामाच्या दिवशी खोकला किंवा घरघर आणि सुट्टीत बरं वाटतं, असं होत असेल तर डॉक्टरांना धुळीचं काम करतो हे आवर्जून सांगा आणि स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी) करून घ्या.

टेबल फॅन लावला तर?

पाठीमागून नको. वारा पाठीवर आला की शरीरासमोर भोवरा तयार होतो आणि धूळ तोंडाकडेच वळते. बाजूने लावा, झोत एक्झॉस्टच्या दिशेने. छताचा पंखा सँडिंगच्या वेळी बंद. कंप्रेसरच्या हवेने कपडे आणि मशिन झटकणं तर कायमचं सोडा.

धूळ मोजायचं यंत्र घेतलंय, पण पावसात आकडे भलतेच येतात.

स्वस्त पीएम2.5 (अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण) मीटर प्रकाशाच्या विखुरण्यावरून कण मोजतात. हवा फार दमट झाली की कण पाणी धरून फुगतात आणि आकडा वाढतो. किनाऱ्यावर मिठाचे कण असतात, ते तर पाणी ओढतातच. म्हणून नुसता आकडा वाचू नका. आधी खळ्यात मोजा, मग आत, आणि फरक बघा. देशाचं पीएम2.5 चं चोवीस तासांचं मानक एका घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे, पण ते मोकळ्या हवेसाठी. वर्कशॉपमध्ये उपयोग एवढाच, की काम थांबल्यावर आकडा बाहेरच्या पातळीला किती वेळात येतो ते कळतं. पाऊण तास लागत असेल तर फॅन कमी पडतोय.

छपरातून अधूनमधून धूळ पडते. मशिन तर बंद असतं.

वासे, रीप आणि माळ्यावर वर्षांची पूड साचलेली असते. कौलांवरून वानरांची टोळी गेली की ती सगळी खाली येते. वर्षातून एकदा, पावसाआधी कौलं परततो तेव्हाच, वासे व्हॅक्यूमने ओढून घ्या, मग ओल्या फडक्याने पुसा. खराट्याने झाडलं तर ती पुन्हा हवेत.

घरात लहान मूल आणि म्हातारी माणसं आहेत.

वर्कशॉपचे कपडे वेगळे, दाराबाहेर खुंटीला टांगलेले. हातपाय आणि तोंड धुऊनच माजघरात. मधलं दार सँडिंगच्या वेळी बंद आणि त्याच्या फटीला गोणपाट नव्हे, रबराची पट्टी.

आगीची भीती किती?

घरगुती कामात स्फोटापेक्षा साधी आग जास्त संभवते. ग्राइंडरची ठिणगी भुशाच्या पिशवीत गेली तर ती तासनतास आत धुमसते आणि रात्री पेटते. लोखंडाचं काम आणि लाकडाचं काम एकाच व्हॅक्यूमला जोडू नका. अळशीच्या तेलाचे बोळे भुशात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

गोळा झालेल्या भुशाचं काय करू?

साध्या लाकडाचा भरड भुसा पाणचुलीत थोडा थोडा घाला. बारीक पूड मूठभर आगीवर भिरकावू नका, भपकन पेटून चेहऱ्यावर येते. ती पाणी मारून, ओली करूनच टाका. भरड भुसा गुरांखाली पसरता येतो, माडाच्या अळ्यात शेणाबरोबर कुजवता येतो. प्लाय, एमडीएफ, पॉलिश किंवा रंग घासलेली धूळ मात्र चूल, गोठा, अळं यांपैकी कुठेही नको. ती वेगळ्या पिशवीत बांधा, पिशवीवर खूण करा आणि ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या सुक्या कचऱ्यात द्या.